उशीर लावला म्हणजे पत्ते भारी?

सांगलीत आयर्विन पुलाजवळ भडंगाच्या पुड्याभोवती आमची चौकडी बसली की मोबाइलवरच्या पोकरचा एक ‘नियम’ हमखास निघतो: झटकन बेट (चिप्सची पैज) टाकली तर ब्लफ (हलक्या पत्त्यांवरची नुसती हूल), वेळ घेतला तर पत्ते भारी. (खेळ फुकटच्या चिप्सवर, पैशांच्या ऑनलाइन खेळावर 2025च्या कायद्याने बंदी आली.)

नियम कानाला गोड आहे, पण तसा नाही. स्क्रीनवर दिसतो तो फक्त सरकणारा टायमर. समोरचा एकाच वेळी चार टेबलं खेळत असेल, नेट अडकलं असेल, नाहीतर दारात दूधवाला आला असेल. परवा रिव्हरला (टेबलावरचा शेवटचा पत्ता उघडल्यावर) मिरजेच्या मित्राने बेट टाकायला वीस सेकंद घेतले. मी घाबरून दोन जोड्या फोल्ड केल्या, म्हणजे डाव सोडला. नंतर कळलं, लाइट गेल्याने वायफाय बंद पडलं होतं. त्याच्या हातात नव्व्यांची एक जोडी!

उलट बाजूही बघा. ‘चेक/फोल्ड’ (जमलं तर बेट न लावता पुढे, नाहीतर डाव सोडणं) हे बटण आधीच दाबून ठेवता येतं, म्हणून पाळी येताच निमिषात चेक पडतो. तिथे बहुतेकदा पत्ते हलकेच असतात. झटपट कॉल (समोरच्याच्या बेटइतक्याच चिप्स लावणं) आला तर रेझचा (बेट वाढवण्याचा) विचारच झाला नसावा; मधले पत्ते किंवा फ्लशला (एकाच चिन्हाच्या पाच पत्त्यांना) एक पत्ता कमी, असा अंदाज बांधायला हरकत नाही. पण तोही त्याच खेळाडूच्या नेहमीच्या वेगाशी ताडून. मुरलेले गडी तर मुद्दाम दर चालीला सारखाच वेळ घेतात. त्यांच्यापुढे घड्याळ बघणं व्यर्थ. बेट किती टाकली ते बघा.