डोंगरातल्या धावपट्टीवर विमान उतरवायचंय? आधी पीपीएल: पात्रता, कागदपत्रे, अर्ज

नेपाळच्या डोंगरातल्या लुक्ला विमानतळाचे व्हिडिओ पाहून गोव्यातली मुलं विचारतात, तिथं विमान उतरवायला परवाना कुठला? सुरुवात खासगी वैमानिक परवान्यापासून, म्हणजे पीपीएलपासून.

शिकाऊ परवान्याला वय किमान 16 हवं, पीपीएलला 17. शिक्षण दहावी पास. पीपीएलला बारावीची अट नाही. कागदपत्रांत जन्मदाखला, दहावीची गुणपत्रिका व प्रमाणपत्र, ओळख आणि पत्त्याचा पुरावा, फोटो, सही आणि डीजीसीएनं (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं) मान्य केलेल्या डॉक्टरांचं वर्ग 2 वैद्यकीय प्रमाणपत्र. जन्मदाखल्यावर ‘नायक’ आणि आधारवर ‘नाईक’ असेल तर अर्जाआधीच दुरुस्ती करून घ्या. आपल्याकडे अर्ज अडकतात ते बहुधा इथंच.

डीजीसीएच्या परीक्षा पोर्टलवर नोंदणी करून कॉम्प्युटर नंबर, म्हणजे परीक्षार्थीचा ओळख क्रमांक, घ्यायचा, प्रशिक्षण केंद्रातून शिकाऊ परवाना काढायचा. मग किमान 40 तास उड्डाण; त्यात 150 सागरी मैलांचा एकट्यानं केलेला प्रवास आणि वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरणं आलं. लेखी परीक्षेत 70 टक्के लागतात. रेडिओ वापरायचा परवाना वेगळा. शेवटी उड्डाण चाचणी आणि डीजीसीएच्याच ईजीसीए पोर्टलवर अर्ज. गोव्याचा दाबोळी विमानतळ नौदलाचा तळ आहे, त्यामुळे शिकायला बेळगावचा सांबरा विमानतळ आपल्याला जवळचा.

पण पीपीएल हातात आला म्हणजे लुक्ला जमलं असं अजिबात समजू नका. ती धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे 2,845 मीटर उंचीवर, लांबी जेमतेम 527 मीटर, चढ जवळपास 12 टक्के. एका टोकाला डोंगर, दुसऱ्या टोकाला दरी. उतरायचं ते चढाच्या दिशेनंच, आणि अगदी जवळ आल्यावर पुन्हा वर उठायला वाव राहत नाही. हवा विरळ असल्यानं वेगाचा काटा नेहमीचाच आकडा दाखवतो, पण विमान जमिनीवरून जास्त वेगानं सरकत असतं. इंजिनाची ताकदही घटते. त्यात चढाची पट्टी डोळ्यांना फसवते: आपण फार उंच आहोत असं वाटून वैमानिक नकळत खाली येतो आणि पट्टीच्या अलीकडेच आदळण्याचा धोका उभा राहतो. म्हणूनच तिथं कॅप्टनला आखूड धावपट्ट्यांवरच्या किमान 100 फेऱ्यांचा अनुभव लागतो, शिवाय प्रशिक्षकासोबत लुक्लाच्या 10 फेऱ्या.

तेव्हा केंद्र निवडताना फी विचारण्याआधी हे विचारा: आखूड पट्टीवर उतरण्याचा सराव किती देता? आणि परत फिरायचा निर्णय कुठल्या ठिकाणापर्यंत घ्यायचा, हे प्रत्येक उड्डाणाआधी ठरवायला शिकवता का?