४० अंश म्हणजे २० च्या दुप्पट नव्हे

उन्हाळा सुरू झाला की 'पहाटे २०, दुपारी ४०, पारा दुप्पट!' अशा बातम्या येतात. शाळेतला भागाकार बरोबर असूनही हे विधान साफ चूक आहे, आणि ते का चूक आहे हे प्रत्येकाला कळायला हवं असं मला मनापासून वाटतं.

हीच दोन तापमानं फॅरनहाइटमध्ये मांडा: ६८ आणि १०४. हवा तीच, ऊन तेच, पण दुपटीची दीडपट झाली! केल्विनमध्ये २९३ आणि ३१३, म्हणजे वाढ जेमतेम ७ टक्के. घोळ शून्याचा आहे. सेल्सिअसचं शून्य माणसाने सोयीसाठी पाणी गोठतं तिथे ठेवलं. केल्विनचं शून्य निसर्गाचं आहे, त्याखाली तापमान जातच नाही. त्यामुळे 'किती पट' हा प्रश्न तिथेच विचारता येतो. घट्ट बंद डब्यात २० अंशांची हवा असेल, तर तिचा दाब दुप्पट व्हायला ती ४० नव्हे, तब्बल ३१३ अंश सेल्सिअसपर्यंत तापवावी लागते.

फरकांची तुलना मात्र सेल्सिअसमध्येही चालते. १० वरून २० ही वाढ आणि २० वरून ४० ही वाढ घ्या. फॅरनहाइटमध्ये त्या १८ आणि ३६ होतात, दुसरी पहिलीच्या दुप्पटच राहते. एकक बदलूनही जे विधान टिकतं, तेवढंच वस्तूबद्दल असतं, बाकीचं मोजपट्टीबद्दल. एस. एस. स्टीव्हन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४६ मध्ये मोजपट्ट्यांचे चार प्रकार केले ते याच कसोटीवर: नुसती नावं, क्रम, समान अंतरं आणि खरं शून्य असलेली गुणोत्तरं.

पत्रिकेतले ३६ गुण या कसोटीवर लगेच कोसळतात. वर्णाला १, नाडीला ८ हे आकडे कशाचंच मोजमाप नाहीत, मग त्यांच्या बेरजेला अर्थ कुठून येणार? त्यावर चांगली स्थळं मोडतात, याचा संताप येतो.

क्रमाच्या पट्टीचं सुंदर उदाहरण म्हणजे फ्रीडरिश मोज यांची खनिजांची काठिण्यश्रेणी. नखाने जिप्समवर ओरखडा उठतो, कॅल्साइटवर उठत नाही. म्हणून जिप्सम २, कॅल्साइट ३. कोण कोणाला ओरखडतं, एवढंच इथे तपासलेलं असतं. माणिक ९ आणि हिरा १०, पण टोकदार हिऱ्याने दाबून खळगा पाडणाऱ्या नूप चाचणीत हिरा माणकाच्या तिपटीहून अधिक कठीण ठरतो.