बेडाक्विलिन केमिस्टकडे का मिळत नाही?

औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावरची बेडाक्विलिन ही गोळी मुंबईत केमिस्टच्या दुकानात मिळत नाही, पैसे मोजायची तयारी असली तरीही. ती सरकारी क्षयरोग कार्यक्रमातूनच मिळते, मोफत, आणि तपासण्यांचे रिपोर्ट आल्यावर. घरात माणूस खोकून बेजार झालेला असताना हा नियम जाचक वाटणारच. पण त्यामागचं कारण पक्कं आहे.

क्षयाचे जंतू एटीपी नावाच्या रेणूतून ऊर्जा मिळवतात. हा रेणू बनवणारी जंतूतली यंत्रणाच बेडाक्विलिन बंद पाडतं. त्यामुळे रिफाम्पिसिन या क्षयावरच्या नेहमीच्या मुख्य औषधाला न जुमानणारे जंतूही त्याने मरतात. मात्र हे औषध शरीरात मुरतं. गोळ्या थांबल्यावर शरीरातून बाहेर पडण्याच्या शेवटच्या टप्प्यात त्याचं प्रमाण निम्म्यावर यायलाच साधारण साडेपाच महिने लागतात. समजा, एखाद्याने बरं वाटलं म्हणून दोन महिन्यांत सगळ्याच गोळ्या सोडल्या आणि तो गावी गेला. सोबतची बहुतेक औषधं काही दिवसांत शरीरातून जातात. बेडाक्विलिन महिनोन्महिने थोडंथोडं मागे राहतं, एकटंच आणि अपुरं. ज्या मोजक्या जंतूंत त्याला तोंड देणारा जनुकीय बदल झालेला असतो, तेच मग तगतात आणि वाढतात. दाटीवाटीच्या खोलीत तेच दुसऱ्याला लागतात, आणि त्या दुसऱ्याने कधीही न घेतलेलं औषध त्याच्यासाठी वाया गेलेलं असतं.

म्हणून ते कधीच एकटं देत नाहीत. ईसीजीही आधी काढतात आणि पुढेही काढत राहतात, कारण या औषधाने हृदयाच्या ठोक्यांची विद्युत लय बिघडू शकते. रक्तातलं पोटॅशियम कमी असेल तर धोका वाढतो. पहिले दोन आठवडे रोज १०० मिलिग्रॅमच्या चार गोळ्या, नंतर आठवड्यातून तीन दिवस दोन-दोन, आणि त्याही जेवणाबरोबर. रिकाम्या पोटी घेतल्या तर औषध जवळपास निम्मंच शोषलं जातं. म्हणजे ताटात काय आहे, हाही उपचाराचाच भाग. क्षयरुग्णांच्या आहारासाठी असलेल्या सरकारी निक्षय पोषण योजनेतून आता महिन्याला १,००० रुपये मिळतात. मुंबईच्या भावात ते फार कमी आहेत.

सगळेच नियम मात्र असे विज्ञानातून आलेले नव्हते. २०१६मध्ये देशात फक्त सहा केंद्रांवर हे औषध सुरू झालं. मुंबईत ते शिवडीला होतं. पाटण्याच्या एका मुलीला दिल्लीत ते नाकारलं गेलं, कारण ती दिल्लीची रहिवासी नव्हती. जानेवारी २०१७मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेल्यावर तिला औषध मिळालं, पण तोवर फुप्फुसांची हानी झाली होती. २०१८मध्ये ती गेली. पत्ता पाहून औषध ठरवणं हा अन्याय होता, आणि त्याला खबरदारीचं नाव देता येणार नाही.

पुढची लढाई किमतीची होती. क्षयाच्या जुन्या औषधांमुळे ऐकू येणं गेलेल्या मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांनी बेडाक्विलिन बनवणाऱ्या कंपनीला पेटंट वाढवून देण्याला हरकत घेतली. मार्च २०२३मध्ये कंपनीचा तो अर्ज फेटाळला गेला, आणि जुलैमध्ये मूळ पेटंट संपल्यावर स्वस्त जेनेरिक गोळ्यांची वाट मोकळी झाली. २०२४मध्ये केंद्राने बेडाक्विलिन, प्रीटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन असा चार औषधांचा उपचार मंजूर केला. पूर्वी दीड-दोन वर्षं चालणारा उपचार त्याने सहा महिन्यांवर येतो.

आता खरा उशीर तपासणीत होतो. थुंकीतले क्षयाचे जंतू तपासणारं सीबीनॅट यंत्र, जंतू रिफाम्पिसिनला दाद देतात की नाही याचा निकाल सुमारे दोन तासांत देतं. बाकीच्या औषधांबद्दल कळायला कित्येक दिवस, कधी आठवडे जातात. खासगी दवाखान्यात महिनाभर खोकल्याची बाटली पिण्यात गेला, तर तो उशीर त्याच्याही आधीचा. दोन आठवड्यांहून जास्त खोकला टिकला की महापालिकेच्या दवाखान्यात थुंकी तपासायला द्या. उपचार चालू असताना गावी जायचं झालं, तर निघण्याआधी केंद्रावर सांगा: सरकारी नोंदणीत रुग्णाला मिळालेल्या निक्षय क्रमांकावरून गावच्या केंद्रात उपचार पुढे चालू ठेवता येतात.