अकरावीचं ‘अमेरिकन लिट’ आलं कुठून?

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात इथे अमेरिकेत अकरावीच्या मुलांच्या दप्तरातून ‘अमेरिकन लिट’, म्हणजे अमेरिकन साहित्याच्या वर्गाचा दोन-तीन पानांचा एक कागद घरी येतो. शिक्षक त्याला सिलॅबस म्हणतात, पण आपण ज्याला अभ्यासक्रम म्हणतो तो हा नव्हे. वर पुस्तकांची यादी असते आणि खाली नियम. निबंध एमएलए पद्धतीनं (मांडणी आणि संदर्भ देण्याची ठरलेली रीत), डबल स्पेस, बारा पॉइंटात. उशिरा दिलेल्या कामाचे दर दिवशी दहा टक्के कापले जातील. वाचताना समासात नोंदी करा, त्या तपासल्या जातील. चर्चेत बोलण्याला गुण आहेत. सगळ्यात शेवटी एक रेघ, पालकांच्या सहीसाठी. आमच्याकडे असे दोन कागद आले, तीन वर्षांच्या अंतरानं. दोन्हींवर मी न वाचताच सही केली. धाकटीनं एकदा वैतागून विचारलं, “पण हीच पुस्तकं का?” तेव्हा कुठे तो कागद नीट वाचला.

प्रश्न रास्त होता. आपल्याकडे १९६७ साली बालभारती स्थापन झाली आणि राज्य मंडळाच्या शाळांत गडचिरोलीपासून सावंतवाडीपर्यंत मराठीचं पुस्तक एकच झालं. अमेरिकेत तसं काहीच नाही. शाळेत काय शिकवायचं हे ठरवायला केंद्र सरकारला कायद्यानंच मनाई आहे. राज्यं ढोबळ अपेक्षा ठरवतात आणि बाकीचं तेरा हजारांच्या आसपास असलेले शालेय जिल्हे आपापलं बघून घेतात. एवढं स्वातंत्र्य असूनही ओहायोतली यादी आणि ओरेगनमधली यादी शेजारी ठेवली तर सख्ख्या बहिणी वाटाव्यात. कुणी सक्ती केलेली नसताना हे जमलं कसं?

याची सुरुवात एका परीक्षेत आहे. हार्वर्डनं १८७४ पासून प्रवेशासाठी इंग्रजीतला छोटा निबंध सक्तीचा केला आणि त्याचा विषय आधी जाहीर केलेल्या पुस्तकांतूनच येईल असं ठरवलं. पहिल्या वर्षाच्या यादीत शेक्सपिअरची तीन नाटकं, गोल्डस्मिथची एक कादंबरी, वॉल्टर स्कॉटची एक कादंबरी आणि एक दीर्घकाव्य होतं. अमेरिकन लेखक एकही नाही. आणि या पुस्तकांवर प्रश्न विचारायचे नव्हतेच मुळी. तपासायचं होतं ते मुलाचं शुद्धलेखन, विरामचिन्हं, व्याकरण आणि मांडणी. पुस्तक हे निमित्त. शाळेत साहित्य शिरलं ते असं निबंधाचं बोट धरून, आणि ते बोट त्यानं आजवर सोडलेलं नाही. ‘द ग्रेट गॅट्सबी’ या कादंबरीतला हिरवा दिवा मुलीला किती भिडला याला गुण नाहीत, त्यावर पाच परिच्छेद कसे रचले याला आहेत.

हार्वर्डचं पाहून इतर कॉलेजांनी स्वतःच्या याद्या काढल्या आणि शाळांची पंचाईत झाली. एकाच वर्गातली चार मुलं चार कॉलेजांना जाणार, म्हणजे याद्याही चार. १८९२ साली हार्वर्डचेच अध्यक्ष चार्ल्स एलियट यांच्या अध्यक्षतेखाली ‘दहा जणांची समिती’ नेमली गेली. हायस्कूलची (नववी ते बारावी) चारही वर्षं, आठवड्याला पाच तास इंग्रजी असावं ही तिची शिफारस. बाकीचे विषय आलटून-पालटून बदलतात, पण इंग्रजी चार वर्षं कुणाला चुकत नाही, त्याचं मूळ इथे आहे. १८९४ मध्ये कॉलेजांनी एकत्र बसून सामाईक यादी केली. शाळांना वाटलं सुटलो, पण झालं उलटं. यादी म्हणजेच अभ्यासक्रम होऊन बसली. शिकागोच्या कारखान्यात जाणारा मुलगा असो की शेतकऱ्याची पोर, सगळ्यांनी स्कॉटचं ‘आयव्हॅन्हो’ वाचायचं. याविरुद्ध जे शिक्षक उठले त्यांनी १९११ साली शिकागोत इंग्रजी शिक्षकांची राष्ट्रीय परिषद स्थापन केली. ही संघटना आज कुठल्याही पुस्तकावर बंदी आली की पहिलं पत्रक काढते. तिचा जन्मच यादीच्या रागातून झालेला आहे.

मग अमेरिकन लेखक कुठे होते? खालच्या वर्गांत, पाठांतरापुरते. सिडनी स्मिथ या इंग्रज समीक्षकानं १८२० मध्ये कुत्सितपणे विचारलं होतं, की जगाच्या पाठीवर अमेरिकन पुस्तक वाचतं कोण? शतक संपत आलं तरी अमेरिकन शिक्षणवर्ग मनातून त्याच्याशी सहमत असावा असं वाटतं. लाँगफेलो, ब्रायंट, व्हिटियर यांच्या कविता मुलं घडाघडा म्हणत. लाँगफेलोच्या ‘एव्हँजेलिन’ या दीर्घकाव्याची स्वस्त शालेय आवृत्ती १८८२ मध्ये पंधरा सेंटला निघाली आणि तिच्यापासून एक अख्खी मालिका चालली. पण हे सगळं संस्कारांच्या खात्यावर जमा. अभ्यासाचा विषय म्हणजे ब्रिटिश साहित्य. विद्यापीठांतही तीच गत. अमेरिकन साहित्याला वाहिलेलं संशोधनाचं त्रैमासिक ड्यूक विद्यापीठातून निघालं ते १९२९ साली. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला तोवर दीडशे वर्षं होऊन गेली होती.

पारडं फिरलं ते साहित्यबाह्य कारणांनी. १८९० मध्ये चौदा ते सतरा वयाच्या शंभरातली जेमतेम सात मुलं हायस्कूलात होती. १९३० पर्यंत निम्म्याहून अधिक आली. त्यांत इटालियन, पोलिश, रशियन ज्यू घरांतली मुलं होती, ज्यांच्या घरी इंग्रजी बोललं जात नव्हतं. त्यात पहिलं महायुद्ध झालं. या पोरांना ‘अमेरिकन’ करायचं तर इंग्लंडातल्या सरदारांच्या गोष्टी काय कामाच्या? मग एमर्सन आला, फ्रँकलिनचं आत्मचरित्र आलं, लिंकनची भाषणं आली. बऱ्याच ठिकाणी अमेरिकेचा इतिहास अकरावीत असे, त्याच्याच जोडीला हे साहित्य बसवलं गेलं. नववीत थोडं थोडं सगळं, दहावीत जागतिक, अकरावीत अमेरिकन, बारावीत ब्रिटिश, ही उतरंड कुठल्याही कायद्यात लिहिलेली नाही. ती सवय आहे, आणि सवय कायद्यापेक्षा चिवट असते.

थोडक्यात, या वर्गाचे आईबाप दोन: कॉलेजची प्रवेश परीक्षा आणि नागरिकत्वाचं शिक्षण. दोघांचं आपसात कधीच पटलं नाही. एकाला नीटनेटका निबंध हवा, दुसऱ्याला देशाबद्दल काहीतरी वाटायला हवं. सिलॅबसचा कागद वाचताना कुठली ओळ कुणाच्या वळणावर गेलीय ते सहज ओळखू येतं.

आता गॅट्सबीचं बघा. फिट्झजेराल्डची ही कादंबरी १९२५ ची. पहिली आवृत्ती वीस हजारांच्या वर होती, त्याच वर्षी आणखी तीन हजार प्रती काढल्या, आणि १९४० साली चव्वेचाळिसाव्या वर्षी लेखक वारला तेव्हा त्यातल्या काही प्रती गोदामात तशाच पडून होत्या. आज ‘थोर अमेरिकन कादंबरी’ म्हणून जी शिकवतात, ती लेखकाच्या हयातीत संपत नव्हती. तिला वाचवलं फौजेनं. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी गणवेशाच्या खिशात मावतील अशी आडवी, पातळ पुस्तकं फुकट वाटली गेली, सगळी मिळून बारा कोटींवर. १९४५ मध्ये त्यांत गॅट्सबीच्या १ लाख ५५ हजार प्रती होत्या. युद्धावरून परतलेले हेच तरुण सरकारी खर्चानं कॉलेजात गेले, त्यांतले कित्येक शिक्षक झाले. तोवर पंचवीस सेंटची पेपरबॅकं दुकानांत आली होती. पुस्तक लहान, स्वस्त, एका महिन्यात शिकवून होणारं. मेलव्हिलची देवमाशाच्या शिकारीची कादंबरी ‘मोबी डिक’ त्याहून थोर असेल, पण साडेपाचशे-सहाशे पानं अकरावीच्या गळी कोण उतरवणार? थोरवीइतकंच पानांच्या संख्येनंही या याद्या ठरतात, हे कुठलाही शिक्षक खाजगीत कबूल करेल.

शिकवायची पद्धतही याच काळात बदलली. क्लीन्थ ब्रुक्स आणि रॉबर्ट पेन वॉरन या लुइझियानातल्या दोघा प्राध्यापकांचं कविता कशी वाचावी याचं पाठ्यपुस्तक १९३८ साली आलं. लेखकाचं चरित्र बाजूला ठेवा, समोरच्या ओळींकडे बघा, शब्द, प्रतिमा, विरोधाभास शोधा, असा त्यांचा आग्रह. युद्धानंतर गर्दीनं भरलेल्या वर्गांना ते सोयीचं पडलं, कारण त्याला ना ग्रंथालय लागतं ना संदर्भग्रंथ. पान आणि पेन्सिल पुरते. समासातल्या नोंदी तपासायचा नियम या घराण्यातला. आपलं ‘संदर्भासह स्पष्टीकरण’ त्याच्या जवळ जातं, फक्त आपल्याकडे स्पष्टीकरण बाईंनी फळ्यावर लिहून दिलेलं असायचं. तशी पळवाट इथेही निघालीच. नेब्रास्कातल्या क्लिफ हिलेगास यांनी १९५८ मध्ये शेक्सपिअरच्या सोळा नाटकांची मार्गदर्शकं छापली. पिवळ्या-काळ्या वेष्टनातली ती क्लिफ्स नोट्स म्हणजे अमेरिकेची गाइडं.

चर्चेला गुण का, हे मराठी आईबापांना सगळ्यात उशिरा कळतं. आपल्याकडे गप्प बसणारं मूल गुणी. इथे न्यू हॅम्पशरमधल्या फिलिप्स एक्सेटर या खाजगी शाळेला १९३० मध्ये एडवर्ड हार्कनेस या धनिकानं मोठी देणगी दिली आणि वर्गातली बाकं जाऊन डझनभर मुलांचं लंबगोल टेबल आलं. सरकारी शाळेत तीस मुलं, टेबल कुठून आणणार? मग खुर्च्यांचं कडं करतात आणि त्याला सॉक्रेटिक सेमिनार म्हणतात. शिक्षिका हातातल्या पॅडवर कोण किती वेळा बोललं याच्या रेघा मारते. आमच्या थोरल्यानं पहिल्या सत्रात एक रेघ मिळवली होती, तीही “मला हेच म्हणायचं होतं” असं म्हणून.

यादी बदलायला मात्र फार वेळ लागला. १९८९ साली आर्थर ॲपलबी या संशोधकाची देशभरातली पाहणी प्रसिद्ध झाली. सरकारी शाळांत सर्वाधिक नेमलेल्या दहा पुस्तकांत चार शेक्सपिअरची, पाच अमेरिकन. दहांत स्त्री एकच, ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ची हार्पर ली. कृष्णवर्णीय लेखक एकही नाही. वर्णद्वेष शिकवायचा तो गोऱ्या लेखकांकडून, असा त्याचा अर्थ. झोरा नील हर्स्टन या कृष्णवर्णीय लेखिकेची १९३७ ची कादंबरी तोवर शाळेपर्यंत पोचायची होती. हर्स्टन १९६० साली फ्लोरिडात गरिबीत वारल्या, कबरीवर दगडसुद्धा नव्हता. लेखिका ॲलिस वॉकर यांनी १९७३ मध्ये गवतात ती जागा हुडकली आणि दगड बसवला, १९७८ मध्ये कादंबरी पुन्हा छापली गेली. आज ती अकरावीच्या पुष्कळ याद्यांवर आहे. मार्क ट्वेनचा ‘हक फिन’ उलट्या दिशेनं चाललाय. १८८५ मध्ये काँकर्डच्या ग्रंथालयानं तो गावंढळ म्हणून बाहेर काढला, १९५७ मध्ये न्यूयॉर्कच्या शिक्षण मंडळानं त्यातल्या वर्णद्वेषी शब्दामुळे पाठ्यपुस्तकांच्या यादीतून वगळला. आक्षेप बदलले, पुस्तक तेच.

पालकांच्या सहीची ती रेघ याच भांडणांतून आलीय. लाँग आयलंडवरच्या एका शालेय जिल्ह्यानं १९७६ मध्ये काही पुस्तकं ग्रंथालयातून उचलली, मुलं कोर्टात गेली, आणि १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शालेय मंडळाला केवळ विचार पटत नाहीत म्हणून पुस्तकं काढता येणार नाहीत असा कौल दिला, तोही काठावरचा. पण तो ग्रंथालयापुरता. वर्गात काय नेमायचं यात मंडळाचा हात अजून बराच मोकळा आहे. म्हणून शिक्षक आधीच सही घेऊन ठेवतात.

एक पुस्तक मात्र मी लेकीबरोबर बसून वाचलं: थोरोचं ‘वॉल्डन’, त्या नावाच्या तळ्याकाठी राहिल्याची हकिगत. त्याच्या तुरुंगातल्या एका रात्रीवरच्या निबंधाचं गांधीजींशी नातं आपल्याला शाळेपासून ठाऊक असतं. हे ठाऊक नव्हतं, की हिवाळ्यात शंभर आयरिश मजूर त्या तळ्याचा बर्फ कापायला येतात आणि थोरो लिहितो, की मद्रास, मुंबई आणि कलकत्त्यातले घामाघूम लोक माझ्या विहिरीचं पाणी पितात. बोस्टनच्या बर्फाची जहाजं तेव्हा खरोखरच मुंबईला लागत. सकाळी तो गीता वाचतो. लेकीनं समासात लिहिलं, ‘आजीला सांगायचं’. त्या नोंदीला पूर्ण गुण मिळाले.

२०१० मध्ये कॉमन कोअर नावाचा राज्यांचा सामाईक आराखडा आला, चाळिसाहून जास्त राज्यांनी तो उचलला. अकरावी-बारावीत अठराव्या, एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं पायाभूत अमेरिकन साहित्य, शेक्सपिअरचं एक आणि अमेरिकन नाटककाराचं एक नाटक, हे त्यात लिहून आलं. सवयीला पहिल्यांदाच कागद मिळाला. पुढे कित्येक राज्यांनी नाव बदललं, मजकूर बराचसा तोच ठेवला.

दोन कागदांत फरक एकाच ओळीचा. थोरल्याच्या वेळी निबंध घरून टाइप करून संगणकावर जमा करायचा होता, आणि नक्कल पकडणारं सॉफ्टवेअर तो तपासे. मध्यंतरी चॅटजीपीटी आलं. धाकटीच्या कागदावर लिहिलंय: मोठे निबंध वर्गातच, हातानं, पंचेचाळीस मिनिटांत, विषय नेमलेल्या पुस्तकांतून, त्याच दिवशी कळेल. पेन निळं किंवा काळं.