एल्कहॉर्न प्रवाळ जिवंत आहे, पण पुरेसं नाही

मे महिन्यात सोलापूरचा पारा बेचाळिशी ओलांडतो, तरी पहाटे गच्चीवर थोडा गारवा मिळतोच. समुद्रातल्या प्रवाळाच्या वाट्याला असा उतार येत नाही. पाणी नेहमीच्या उन्हाळी तापमानापेक्षा एखादाच अंश जास्त तापलं आणि महिनाभर तसंच राहिलं, तरी प्रवाळाच्या पेशींत राहून त्याला अन्न पुरवणारी सूक्ष्म शैवालं निघून जातात. प्रवाळ पांढरंफटक पडतं. पाणी वेळेत निवलं तर ते सावरतं, नाही तर उपासमारीनं मरतं.

कॅरिबियन समुद्रातल्या एल्कहॉर्न प्रवाळाचं हेच झालं. शिंगांसारख्या पसरट फांद्यांचं हे प्रवाळ वर्षाला ५ ते १० सेंटिमीटर वाढतं आणि किनाऱ्यावर येणाऱ्या लाटांचा जोर मोडतं. १९७० च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या रोगानं त्याचा मोठा भाग संपवला. २००८ पासून ते 'अतिसंकटग्रस्त' यादीत आहे. २०२३ च्या उन्हाळ्यात फ्लोरिडाजवळचं पाणी असं तापलं, की तिथं उरलेलंही जवळजवळ सगळं मेलं. शास्त्रज्ञ आता त्याला फ्लोरिडापुरतं 'कार्यात्मकदृष्ट्या नामशेष' म्हणतात. म्हणजे काही जीव उरलेत, पण त्यांच्या भरवशावर पुढची पिढी येणार नाही.

हे काय असतं ते सोलापूरकरांनी नान्नजला पाहिलं आहे. १९७९ मध्ये अभयारण्य झालं, माळरान राखलं, तरी माळढोक घटत गेला. एखादी मादी दिसली तर आनंद होतो, पण तिला नर कुठून मिळणार?

प्रवाळाची अडचण याहून बिकट आहे. एल्कहॉर्नची फांदी तुटून पडली, की तिथंच रुजते. त्यामुळे दिसायला भरगच्च असलेला पट्टा पुष्कळदा एकाच जीवाच्या प्रतींचा असतो. ऑगस्टमधल्या पौर्णिमेनंतर मोजक्या रात्री प्रवाळ बीजांडं आणि शुक्राणू एकत्रच पाण्यात सोडतं, पण स्वतःच्याच शुक्राणूंनी बीजांडं सहसा फळत नाहीत. वेगळ्या वाणाचा जोडीदार जवळपास हवाच. तो नसला तर तो सगळा हंगाम वाया.

म्हणून नुसत्या फांद्या तोडून रोपवाटिकेत वाढवणं पुरत नाही. मायामी विद्यापीठ आणि फ्लोरिडा ॲक्वेरियममधल्या संशोधकांनी होंडुरासच्या तेला उपसागरातून एल्कहॉर्न आणलं. तिथलं पाणी जास्त गरम, तरी तिथं ते तगून आहे. फ्लोरिडाच्या प्रवाळाशी त्याचा संकर करून झालेली पिल्लं २०२५ मध्ये मायामीजवळच्या समुद्रात लावली. परक्या समुद्रातला वाण आणून मूळ वाणात मिसळावा का, हा आक्षेप चुकीचा नाही. पण शुद्ध वाण जपत बसायला आता तिथं पुरेसं प्रवाळच उरलेलं नाही, त्यामुळे मला हा निर्णय योग्य वाटतो. तो आणखी वीस वर्षं आधी, विविधता शिल्लक असतानाच घेतला असता तर निवडीला कितीतरी जास्त वाण हाताशी असते. आपल्या लक्षद्वीपची प्रवाळं १९९८ पासून वारंवार पांढरी पडत आहेत. तिथले तगलेले वाण ओळखून राखायला अजून वेळ आहे, आणि ते काम आताच हाती घ्यायला हवं.