घरभाड्यावर सरसकट १८ टक्के जीएसटी? नाही!

१८ जुलै २०२२ ला नियम बदलला, तेव्हापासून ‘आता भाडेकरूला घरभाड्यावर १८ टक्के जीएसटी’ हा मेसेज फिरतोच आहे. तो अर्धवट आहे आणि त्यात उगाच भरडला जातो तो पगारदार भाडेकरू. जीएसटी नोंदणी नसलेल्या माणसाने राहायला घर घेतलं तर हा कर शून्य, मग भाडं १० हजार असो की ८० हजार. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२२ मध्येच हे स्पष्ट केलं होतं.

मग बदललं काय? भाडेकरूच नोंदणीकृत असेल, समजा कर्मचाऱ्यांसाठी फ्लॅट घेणारी कंपनी, तर २५ हजार भाड्यावर ४,५०० रुपये कर लागतो. तोही घरमालकाच्या हातात द्यायचा नसतो. ‘रिव्हर्स चार्ज’नुसार कंपनी थेट सरकारकडे भरते. एकल मालकीचा दुकानदार नोंदणीकृत आहे, पण घर त्याने वैयक्तिक नावावर, स्वतः राहायला घेतलंय आणि भाडं धंद्याच्या खात्यात टाकत नाही? त्यालाही कर नाही. १ जानेवारी २०२३ पासून हे अधिसूचनेतच आहे.

म्हणून राहत्या घराच्या करारात ‘भाडे अधिक जीएसटी’ असं कलम दिसलं, तर सही करण्याआधी ते काढायला लावा. ऑफिससाठी घेतलेल्या फ्लॅटचे नियम मात्र वेगळे आहेत.