परमनंट स्ट्रेटनिंगनंतर नवीन केस सरळ उगवतात का?

कोथरूडपासून हडपसरपर्यंत कुठल्याही पार्लरमधे हे ऐकायला मिळतं, एकदा परमनंट स्ट्रेटनिंग केलं की पुढचे केस पण सरळच येतात. नाही येत हो! केस म्हणजे केराटिन नावाचं प्रथिन, त्यात सिस्टीन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं, आणि शेजारशेजारच्या दोन सिस्टीनमधले सल्फर एकमेकांना धरतात, तोच डायसल्फाइड बंध, केसाचा आकार धरून ठेवणारा. पार्लरमधलं थायोग्लायकोलेट क्रीम यातले बरेच बंध तोडतं, केस सरळ ताणतात आणि मग पेरॉक्साइडवालं न्यूट्रलायझर नव्या जागी बंध परत जोडतं.

पण हे सगळं झालं बाहेर आलेल्या, मेलेल्या केसात. मुळाशी जो केस तयार होतोय त्याचा आकार तिथलं फॉलिकल, म्हणजे त्वचेतली केस उगवणारी पिशवी, ठरवतं, त्याला क्रीमचा पत्ताच नसतो. म्हणून महिन्याला साधारण 1 सेंटीमीटर कुरळं मूळ दिसायला लागतं.

आणि घरच्या इस्त्रीने तर मुख्यतः हायड्रोजन बंधच (पाण्यानेही सुटणारे कच्चे बंध) हलतात, जुलैत स्कूटीवरून डेक्कनपर्यंत भिजत गेलात की केस परत होते तसे.